नकोसे घोडे : मालक त्यांना का सोडतात आणि गावाने काय करावे

देशातील घोड्यांची संख्या झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या एकोणिसाव्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे ६ लाख २५ हजार जनावरे नोंदली गेली होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ही संख्या सुमारे ३ लाख ४० हजार भरली. म्हणजे सात वर्षांत ती जवळजवळ ४५ टक्क्यांनी कमी झाली. याच काळात गाढवांची संख्या सुमारे ३ लाख २० हजारांवरून १ लाख २० हजारांवर आली. ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या या जनावरांची गरज समाजाला पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

गरज कमी झाली की पैदासही हळूहळू कमी होते. परंतु जी जनावरे आधीच जन्माला आलेली असतात, ती आपले आयुष्य पुरे होईपर्यंत शिल्लक राहतात. त्यांपैकी काही शहराच्या कडेला, उकिरड्याजवळ, महामार्गाच्या दुभाजकावर किंवा गावच्या गायरानात बेवारस फिरताना आढळतात. अशा जनावरास ‘नकोसा घोडा’ म्हणता येईल. तो रोगी किंवा म्हातारा असतोच असे नाही. पुष्कळदा तो धडधाकट असतो. मात्र त्यास पोसणे मालकास शक्य नसते, किंवा तसे करण्यात त्यास काही अर्थ वाटत नाही. मालक या थराला का येतो, हे नीट समजून घेतल्याखेरीज या प्रश्नावर उपाय सापडणार नाही.

काम संपते, आयुष्य संपत नाही

एके काळी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद यांसारख्या शहरांत रेल्वे स्थानकाबाहेर टांग्यांची रांग उभी असे. टांगेवाला, नालबंद, साज शिवणारा मोची, गवताच्या पेंढ्या विकणारा आणि हरभरा भरडून देणारा अशी अनेक कुटुंबे या धंद्यावर जगत. प्रथम ऑटोरिक्षा व टेंपो आले. त्यानंतर बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षा आल्या आणि २०१५ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने त्यांना कायद्यात रीतसर स्थान मिळाले. जवळच्या अंतराची, थोड्या भाड्याची जी गिऱ्हाइके टांग्याकडे उरली होती, तीही या वाहनांकडे वळली.

काही ठिकाणी कायद्यानेच हे काम थांबले. मुंबईत करमणुकीच्या फेऱ्या मारणाऱ्या ‘व्हिक्टोरिया’ घोडागाड्या जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या व त्या एका वर्षात बंद कराव्यात असा आदेश दिला. गाडीवानांच्या व मालकांच्या पुनर्वसनाची योजना शासनाने आखावी, असेही न्यायालयाने सांगितले. पुढे २०२१ मध्ये तशाच घाटाच्या, परंतु बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या तेथे सुरू झाल्या. माणसाला दुसरा धंदा शिकविता येतो आणि गाडीला यंत्र बसविता येते. गाडीचा घोडा मात्र त्यानंतरही दररोज चारा मागतो. पुनर्वसनाच्या कोणत्याही योजनेत घोड्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो तो याच कारणाने.

चांगली निगा राखल्यास घोडा पंचवीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. गाडीच्या कामात तो पंधरा-सोळा वर्षांचा झाला की थकू लागतो. रस्ता कठीण, ओझे जादा आणि खुराक अपुरा असेल तर त्याआधीच थकतो. यापुढील आठ-दहा वर्षे त्याने कोठे काढावयाची, याचा विचार घोडा खरेदी करताना फारसे कोणी करीत नाही.

दावणीचा खर्च

शेतकऱ्याची म्हैस आटली तरी ती पुन्हा विण्याची आशा असते. गाय-बैलांच्या शेणाचे खत व गोवऱ्या होतात. घोड्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे उत्पन्न त्याच्या पायांवर अवलंबून असते. पाय थांबले की उत्पन्न थांबते. खर्च मात्र चालूच राहतो.

या खर्चाचा अंदाज सहज काढता येतो. घोड्यास दररोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन ते अडीच टक्के इतका कोरडा आहार लागतो. टांग्याच्या मध्यम घोड्याचे वजन ३०० किलो धरल्यास हा आहार दिवसाला ६ ते साडेसात किलो होतो. म्हणजे महिन्याला दोन क्विंटलच्या आसपास वाळलेले गवत, कडबा व चंदी लागते. याशिवाय दररोज वीस ते तीस लिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासून नाल बदलावी लागते. नालबंदांची संख्या घटल्यामुळे हे काम अधिक महाग व दुर्मिळ झाले आहे. त्यावर जागेचे भाडे, साजाची दुरुस्ती आणि औषधपाणी यांचा खर्च आलाच.

ज्या घरात रोजच्या कमाईतून रोजचा दाणा येतो, तेथे एक महिना काम बंद पडले तरी घोड्याचा खुराक निम्म्यावर येतो. वरातीच्या घोड्यांना लग्नसराईचे काही महिनेच काम असते. वीटभट्टीवरील घोडे व खेचरे पावसाळ्यात रिकामी राहतात. थंड हवेच्या ठिकाणची तट्टे प्रवाशांच्या हंगामावर जगतात. २०२० व २०२१ मध्ये साथीच्या काळात वराती, यात्रा व पर्यटन एकदम थांबले. त्या वेळी घोडेवाल्यांजवळ शिल्लक किती थोडी असते, ते सर्वांच्या ध्यानात आले. अशा वेळी मालक प्रथम चंदी बंद करतो, नंतर गवत कमी करतो आणि शेवटी घोड्यास ‘चरायला’ म्हणून मोकळा सोडतो. सायंकाळी परत आणलेला घोडा पुढे परत आणला जात नाही. सोडून देणे हे बहुधा असे हळूहळू घडते.

निकामी ठरविण्याची घाई

‘घोडा निकामी झाला’ असे मालक सांगतो तेव्हा त्यामागील कारण पुष्कळदा बरे होण्याजोगे असते. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात आणि चघळण्याने झिजतात. झीज सारखी झाली नाही तर दाढांना धारदार कडा येऊन गाल व जीभ सोलवटते. असा घोडा दाणा तोंडातून सांडतो, गवताचे अर्धवट चावलेले बोळे टाकतो आणि भरपूर चारा पुढे असूनही वाळत जातो. मालकास वाटते की त्यास म्हातारपण आले. वास्तविक पशुवैद्याने दाढा कानशीने घासून दिल्यास तो पुन्हा खाऊ लागतो.

लंगडण्याचेही तसेच आहे. वाढलेला खूर, चुकीच्या जागी मारलेला नालेचा खिळा, टाचेत रुतलेला खडा अथवा भेगेत झालेला पू ही कारणे वेळीच पाहिली तर घोडा थोड्या दिवसांत चालू लागतो. तसाच जुंपला तर तो कायमचा लंगडा होतो. खोगिराखालील व पट्ट्याखालील जखमा साज नीट न बसल्याने होतात. जखम बांधून पुन्हा तोच साज चढविल्यास ती भरून येत नाही. घोड्यास धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा अधिक असतो. यास्तव त्या रोगाची लस टोचून घेणे आणि खिळ्याची जखम क्षुल्लक न मानणे अगत्याचे आहे. वेळेवर जंतनाशक देण्याचा खर्च नव्या घोड्याच्या किमतीच्या मानाने अगदी अल्प असतो.

कोवळ्या वयात जुंपल्यानेही घोडा लवकर निकामी होतो. घोड्याचे पुढचे पक्के दात साधारणपणे अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने येतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. त्याच्या हाडांची व सांध्यांची वाढही या काळात चालू असते. दोन वर्षांच्या शिंगरावर भार घातला तर दहाव्या वर्षीच त्याचे गुडघे व घोटे जातात.

उतरती साखळी

बाजारात घोडा क्वचितच एका मालकाकडे आयुष्य काढतो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत देखणे, तरुण घोडे मोठ्या किमतीला विकले जातात. शौकाकरिता किंवा वरातीकरिता घेतलेला घोडा वय झाले की कमी किमतीत गाडीवाल्याकडे जातो. तेथे थकला की आणखी कमी किमतीत वीटभट्टीकडे किंवा ओझ्याच्या कामाकडे जातो. प्रत्येक पायरीस किंमत उतरते, काम अधिक जड होते आणि नवा मालक आधीच्यापेक्षा गरीब असतो. घोड्यास सर्वाधिक औषधपाण्याची गरज जेव्हा पडते, तेव्हा तो ज्याला तो खर्च सर्वांत कमी झेपतो अशा माणसाच्या दाराशी बांधलेला असतो. रस्त्यावर घोडा सोडणारा शेवटचा मालक लोकांच्या नजरेस पडतो. त्याच्या उमेदीची वर्षे वापरून घेऊन त्यास पुढे ढकलणारे आधीचे मालक नजरेस पडत नाहीत.

या बाबतीत कैरो शहरातील एक घटना उद्बोधक आहे. पहिले महायुद्ध संपल्यानंतर ब्रिटिश सैन्याने आपले अनेक घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले होते. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक ही इंग्रज महिला कैरोस आली. त्या वेळी यांपैकी कित्येक घोडे म्हातारे व जर्जर होऊनही गाड्या ओढीत असल्याचे तिला आढळले. १९३१ मध्ये तिने इंग्लंडमधील एका वृत्तपत्रास पत्र लिहून लोकांकडे मदत मागितली. आलेल्या देणग्यांतून तिने पुढील तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. ज्यांचे दुःख दूर होण्यासारखे नव्हते, त्यांचा शेवट वेदनेविना करण्यात आला. हे घोडे तिने मालकांकडून हिसकावून घेतले नाहीत, तर त्यांची किंमत मोजली. कारण मालकही दरिद्री होते आणि जुना घोडा फुकट दिला तर नवा घेण्यास त्यांच्याजवळ पैसा नव्हता. १९३४ मध्ये तिने तेथे कष्टकऱ्यांच्या घोड्यांकरिता मोफत उपचाराचे रुग्णालय सुरू केले. मालकाची अडचण सोडविल्याखेरीज जनावराची सुटका होत नाही, हा धडा आजही तितकाच लागू आहे.

सोडलेल्या घोड्याचे काय होते

मोकळा सोडलेला घोडा रानात आपले आपण जगेल, अशी काहींची समजूत असते. ती खरी नाही. गावाजवळची गायराने आक्रसली आहेत. भुकेला घोडा उकिरड्यावर जातो व अन्नाबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या खातो. घोड्यास ओकारी करता येत नाही. त्यामुळे पोटात अडकलेली वस्तू किंवा नासके अन्न त्यास पोटशुळाने मारते. रात्रीच्या वेळी तो रस्त्यावर उभा राहतो आणि अंधारात मोटारसायकलवाल्यास दिसत नाही. अशा अपघातात माणूस व जनावर दोघेही जखमी होतात. शेतात शिरल्यास पिकाचे नुकसान होते व मार खावा लागतो.

याहून मोठा धोका रोगाचा आहे. ग्लँडर्स हा घोडे, गाढवे व खेचरे यांना होणारा जिवाणूजन्य रोग माणसासही होतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. या रोगात नाकातून घट्ट, चिकट स्राव येतो, नाकाच्या आत व्रण पडतात, कातडीवर गाठी येऊन फुटतात आणि जनावर खंगत जाते. २००६ मध्ये महाराष्ट्रात या रोगाचा पुन्हा उद्भव झाला व त्यानंतर इतर अनेक राज्यांतही तो आढळला. यावर लस नाही. रक्ताची तपासणी हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात निश्चित केली जाते. रोग सिद्ध झाल्यास जनावर वेदनारहित पद्धतीने मारून खोल पुरावे लागते. त्याबद्दल मालकास शासनाकडून नुकसानभरपाई देण्याची तरतूद आहे.

ही तरतूद अनेक मालकांना माहीत नसते. घोडा तपासणीत सापडला तर धंदा बुडेल, या भीतीने काही जण आजारी जनावर रातोरात दुसऱ्या गावी नेऊन सोडतात किंवा स्वस्तात विकतात. असे करणारा मालक रोग नव्या तबेल्यात, नव्या कुटुंबात पोहोचवितो. आणि स्वतःला मिळू शकणाऱ्या भरपाईसही मुकतो.

कायदा काय सांगतो

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ प्रमाणे, भूक किंवा तहान यांमुळे प्राण्यास यातना होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय त्यास सोडून देणे हा अपराध आहे. सांसर्गिक रोग असलेले आपले जनावर जाणूनबुजून रस्त्यावर मोकळे सोडणे, रोगी किंवा पंगू जनावरास रस्त्यात मरू देणे, तसेच वय, रोग अथवा जखम यांमुळे अपात्र झालेले जनावर कामास जुंपणे हेही अपराध आहेत.

गाडीच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीचे नियम १९६५ मध्ये करण्यात आले. त्यांनुसार जनावराकडून दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. ज्या भागात तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर जाते, तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपण्यास मनाई आहे. पाठीवर लादावयाच्या ओझ्याची मर्यादा तट्टासाठी ७० किलो, खेचरासाठी २०० किलो व गाढवासाठी ५० किलो आहे. हे नियम पाळले तर घोड्याची उमेदीची वर्षे वाढतात, म्हणजेच मालकाचाही फायदा होतो.

जनावरांतील सांसर्गिक रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय अधिनियमान्वये, अनुसूचित रोगाचा संशय आल्यास मालकाने ती गोष्ट ग्रामअधिकारी किंवा ग्रामपंचायतीस कळविणे आणि जनावर इतरांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने ती माहिती जवळच्या पशुवैद्यास पोहोचवावयाची असते.

मालकाने करावयाच्या गोष्टी

घोडा घेण्यापूर्वी त्याच्या किमतीचा नव्हे, तर त्याच्या वर्षभराच्या खर्चाचा हिशेब करावा. रिकाम्या हंगामातील चाऱ्याची तजवीज कमाईच्या हंगामातच करून ठेवावी. चार-पाच मालकांनी मिळून सुगीच्या वेळी कडबा घेतल्यास तो स्वस्त पडतो. शिंगरास गिऱ्हाईक किंवा घरी काम असल्याची खात्री नसेल तर घोडी भरवू नये. ती अकरा महिने गाभण राहते, त्यानंतर शिंगरू काही महिने अंगावर पिते आणि या सर्व काळात तिचे काम कमी करावेच लागते. नर घोडा पैदाशीसाठी ठेवावयाचा नसल्यास पशुवैद्याकडून खच्ची करून घ्यावा. असा घोडा शांत राहतो आणि त्यास नवा धनी मिळणे सोपे जाते.

घोडा ठेवणे अशक्य झाल्यास तो अंगावर मांस असतानाच, धडधाकट स्थितीत, माहितीच्या माणसास द्यावा. त्याचे खरे वय व खोडी लपवू नयेत. पांजरपोळात किंवा प्राणिसंस्थेत द्यावयाचा असल्यास तेथे जागा आहे का, हे आधी विचारावे. दाराशी बांधून निघून जाऊ नये. असाध्य रोगाने किंवा मोडलेल्या पायाने जनावर तळमळत असेल तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. त्याच्या हातून वेदनारहित शेवट होणे हे रस्त्यावर आठ दिवस तडफडण्यापेक्षा दयेचे आहे. यात मालकाने कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

गावात बेवारस घोडा आढळल्यास त्यास हाकलून शेजारच्या गावाच्या हद्दीत घालविण्याची पद्धत सोडून द्यावी. प्रथम त्यास दुरून पाहावे. नाकातून स्राव किंवा अंगावर फुटलेल्या गाठी दिसल्यास कोणीही हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे आणि ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. तशी लक्षणे नसतील तर घोडा सावलीत बांधून पाणी द्यावे. अनेक दिवस उपाशी असलेल्या घोड्यास दयेपोटी एकदम घमेलेभर दाणा घालू नये; तो त्याच्या जिवावर बेततो. वाळलेले गवत थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा द्यावे व पशुवैद्याने सांगितल्यावरच दाणा सुरू करावा.

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील घोडे, खेचरे व गाढवे यांची साधी नोंदवही ठेवल्यास मालकाचा शोध लागतो, लसीकरणाची शिबिरे घेता येतात आणि कोणाचे काम बंद पडले आहे हेही आधी कळते. ज्या टांगेवाल्याचा धंदा बसत चालला आहे, त्यास कर्जाची किंवा दुसऱ्या व्यवसायाची माहिती वेळीच मिळाली तर घोडा उपाशी पडण्यापूर्वीच त्याची सोय लावता येते. शिक्षकांनी वर्गात जनावरांच्या निगेचा पाठ शिकविताना गावातील एखाद्या नालबंदास किंवा पशुवैद्यास बोलवावे. घोडेवाल्यांची मुले त्याच वर्गात बसलेली असतात आणि शाळेत ऐकलेली गोष्ट ती घरी सांगतात.

घोड्यावर चालणारे धंदे आणखी कमी होत जातील, असेच चिन्ह दिसते. यात दोष कोणा एकाचा नाही. परंतु आज जे घोडे तबेल्यात आहेत, त्यांतील पुष्कळसे आणखी दहा-पंधरा वर्षे जगणार आहेत. त्यांच्या मालकांना चारा महाग पडू लागल्याचे ज्या दिवशी ध्यानात येईल, त्याच दिवशी त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याची किंवा ग्रामपंचायतीची पायरी चढावी. त्या वेळी घोडा अंगाने धड असतो आणि मार्गही एकाहून अधिक असतात. चंदी बंद होऊन महिना लोटल्यावर ते मार्ग फारच थोडे उरतात.